रक्तदाब ज्याचा, जबाबदारी त्याची?

गडचिरोली जिल्ह्यातल्या 86 गावांत 'सर्च' या संस्थेच्या संशोधकांनी सलग दोन वर्षं एक चिकाटीचं काम केलं. गावात झालेला प्रत्येक मृत्यू नोंदवायचा, त्या घरी जाऊन शेवटच्या दिवसांची हकिगत विचारायची आणि त्यावरून मृत्यूचं कारण ठरवायचं. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे 94 हजार लोकसंख्येत 1,599 मृत्यू झाले होते आणि त्यांतले 229 पक्षाघाताने, म्हणजे लोक ज्याला लकवा म्हणतात त्याने. दर सात मृत्यूंमागे एक. इतर कोणत्याही एका कारणाने या गावांत एवढी माणसं गेली नव्हती. लकव्याने गेलेल्या दहांपैकी जवळजवळ नऊ जणांनी घरीच प्राण सोडला. बीपी आणि लकवा ही शहरातल्या, बैठ्या कामाच्या, खाऊनपिऊन सुखी माणसांची दुखणी, असं आपण बरीच वर्षं मानत आलो. धानाच्या बांधीत चिखलणी आणि रोवणी करणारी, मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जाणारी माणसं त्या चौकटीत बसत नाहीत. 'जरा चाला-फिरा, व्यायाम करा' हा सल्ला त्यांना द्यायचा तरी कसा?

पक्षाघाताचं सर्वांत मोठं टाळता येण्यासारखं कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब. दाब वर्षानुवर्षं जास्त राहिला की रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड आणि ताठर होत जातात. मग एखाद्या दिवशी मेंदूतली बारीक वाहिनी फुटते किंवा तुंबते. या सगळ्या काळात माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. डोकं दुखत नाही, काम अडत नाही, भूक मरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019 ते 2021 च्या फेरीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत 24 टक्के आणि स्त्रियांत 21 टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यांना त्यासाठी औषध चालू होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने भारतात असे सुमारे 22 कोटी लोक आहेत आणि त्यांतल्या अवघ्या 12 टक्क्यांचा दाब आटोक्यात आहे. आजार मोजायला सोपा, गोळी जुनी आणि स्वस्त, उपयोग सिद्ध झालेला, आणि तरीही आठातल्या सात जणांचा दाब मोकाट. प्रतिबंधक आरोग्याचं भवितव्य काय, या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर ते या आकड्यापासून शोधायला हवं. उद्याची यंत्रं काय करतील याचा विचार त्यानंतर.

सध्या मात्र उत्तर वेगळ्या दिशेने दिलं जातं. आपलं आरोग्य आपल्या हाती, असं आपल्याला वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून, कॉर्पोरेट शिबिरांतून आणि विम्याच्या जाहिरातींतून सांगितलं जातं. संपूर्ण शरीराच्या तपासणीचं पॅकेज घ्या, मनगटावर घड्याळ बांधा, पावलं मोजा, झोप मोजा, साखरेचा आलेख मोबाइलवर पाहा. या सांगण्यात तथ्य आहे आणि ते झटकून टाकावं असं नाही. तंबाखू तोंडात टाकणारा हात आपलाच असतो आणि गोळी गिळायची की नाही, हेही आपणच ठरवतो. पण जबाबदारी ही अधिकाराच्या मापाने वाटायची गोष्ट आहे. ज्याच्या हातात जेवढं आहे, तेवढंच त्याच्याकडे मागता येतं. आज वैयक्तिक जबाबदारीच्या नावाखाली माणसाकडे त्याच्या हातात नसलेलं पुष्कळ मागितलं जातं, आणि जे खरोखर त्याच्या हातात आहे ते त्याला नीट सांगितलंही जात नाही. या लेखातलं माझं मुख्य म्हणणं हेच आहे.

आधी तपासणीच्या पॅकेजकडे पाहू. कसलीही तक्रार नसलेल्या माणसांची सरसकट तपासणी केल्याने आयुष्य वाढतं का, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने अनेकदा आणि काटेकोरपणे विचारला आहे. कॉक्रेन या संस्थेने अशा चाचणी-प्रयोगांचा जो एकत्रित आढावा 2019 मध्ये अद्ययावत केला, त्यात अडीच लाखांवर माणसांची माहिती होती. निष्कर्ष असा की सर्वसाधारण आरोग्य तपासणीमुळे एकूण मृत्यूंत किंवा कर्करोगाच्या मृत्यूंत फरक पडत नाही, हृदयविकाराच्या मृत्यूंतही बहुधा पडत नाही. घड्याळांचीही परीक्षा झाली आहे. वजन कमी करू पाहणाऱ्या तरुणांवर अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. नेहमीचा सल्ला मिळालेल्यांचं वजन दोन वर्षांत सरासरी 5.9 किलोने घटलं, तर त्याच सल्ल्याबरोबर अंगावर बांधायचं यंत्र मिळालेल्यांचं 3.5 किलोने. इलिनॉय विद्यापीठाने आपल्या जवळजवळ पाच हजार कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून काहींना आरोग्य कार्यक्रमात घेतलं, भाग घेण्यासाठी पैसेही दिले. आरोग्यात, खर्चात किंवा रजांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. त्या अभ्यासातलं मला सर्वांत बोलकं वाटतं ते हे की कार्यक्रमात हौसेने नाव नोंदवणारे मुळातच तुलनेने निरोगी होते. ज्याच्याजवळ वेळ, पैसा आणि उमेद आहे तोच अशा योजनांत येतो, आणि मग त्याची तब्येत दाखवून योजना यशस्वी ठरवली जाते.

याचा अर्थ सगळ्याच तपासण्या निरुपयोगी, असा मात्र घेऊ नये. नेमक्या आजारासाठी, नेमक्या वयात, पुढच्या उपचाराची सोय करून केलेली तपासणी जीव वाचवते, आणि त्याचा जगभर उद्धृत होणारा पुरावा आपल्याच मराठवाड्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने सव्वा लाखांवर ग्रामीण स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा प्रयोग झाला. एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे 2009 मध्ये जगापुढे आलं. तिथे बाईला 'जागरूक व्हा' एवढं सांगून कोणी थांबलं नव्हतं. चाचणी तिच्या गावापर्यंत गेली, दोष सापडला तर उपचार झाले, पाठपुरावा झाला. पॅकेजमध्ये साठ-सत्तर चाचण्यांचा कागद हातात येतो. त्यावर ठळक छापलेल्या दोन आकड्यांचं पुढे काय करायचं, हे पाहणारं कोणी नसतं.

इच्छाशक्तीवर एवढा भार टाकणं का फसतं, याचं उत्तर 1953 मध्ये लंडनच्या बसमध्ये सापडलं होतं. जेरी मॉरिस या डॉक्टरने तिथल्या वाहतूक कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असे. कंडक्टर तिकिटं फाडत वरखाली करी, पाळीत 500 ते 750 पायऱ्या चढे. चालकांच्या मानाने कंडक्टरांना हृदयविकार कमी आणि उशिरा होत होता. मॉरिसने नंतर गणवेशांच्या मापांवरून दाखवलं की चालकांचा कंबरेचा घेर नोकरीच्या सुरुवातीपासूनच थोडा जास्त असे, म्हणजे सगळं श्रेय पायऱ्यांना देता येत नाही. पण चालत टपाल वाटणारे आणि बसून काम करणारे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला, आणि शरीराची हालचाल हृदय राखते हा विचार तिथून रुजला. त्या कंडक्टरांनी व्यायामाचा संकल्प केला नव्हता. व्यायाम त्यांच्या कामातच होता. माणूस दिवसभरात जे करतो त्यातलं बहुतेक तो विचार करून ठरवत नाही. रस्ता कसा आहे, दुकानात काय मिळतं, काम कसलं आहे, घरात काय शिजतं, यावर ते ठरत जातं.

मॉरिसनंतर तीस-एक वर्षांनी, 1985 मध्ये, जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने हा विचार आणखी टोकदार केला. फार मोठा धोका असलेली मोजकी माणसं आणि थोडासा धोका असलेली असंख्य माणसं यांत एकूण रुग्ण बहुधा दुसऱ्या गटातून जास्त येतात, असं त्याने दाखवलं. म्हणून सगळ्या समाजाचा सरासरी रक्तदाब थोडासा जरी खाली आला, तरी त्याचा लाभ मोठा असतो. जगभरच्या सुमारे दहा लाख माणसांची माहिती एकत्र करून 2002 मध्ये केलेलं विश्लेषण सांगतं की वरचा दाब 2 अंकांनी कमी असेल तर मध्यम वयात पक्षाघाताचे मृत्यू साधारण 10 टक्क्यांनी आणि हृदयविकाराचे 7 टक्क्यांनी कमी दिसतात. दोन अंकांचा फरक एकट्या माणसाला कळणारही नाही. डॉक्टरही त्यावरून औषध बदलणार नाहीत. जिल्ह्याच्या मृत्यूंच्या नोंदवहीत मात्र तो दिसेल. वैयक्तिक प्रेरणेवर आधारलेल्या प्रतिबंधाची अडचण इथेच आहे. ज्या बदलाने समाजाचा सर्वांत जास्त फायदा होतो, त्याचा एकेका माणसाला जाणवणारा फायदा नगण्य असतो, त्यामुळे त्यासाठी रोज मन मारणं त्याच्या पचनी पडत नाही.

हे सगळं आपल्या स्वयंपाकघरात कसं दिसतं, ते मिठापासून पाहता येईल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. साधारण एक सपाट चमचा, आणि त्यात दिवसभरातलं सगळं आलं. भारतात पाहण्यांमधून हा आकडा 8 ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून वर येतो. घरच्या घरी करता येईल असा एक हिशेब आहे. चार मोठ्या माणसांच्या घरात प्रत्येकी 5 ग्रॅम धरले तर दिवसाचे 20 ग्रॅम झाले, म्हणजे एक किलोचा पुडा 50 दिवस पुरायला हवा. तो महिन्यात संपत असेल तर माणशी 8 ग्रॅम पडतात, आणि बाहेरच्या वडापावातलं, फरसाणातलं, वेफरमधलं मीठ यात धरलेलंच नाही. उन्हाळी कामांत खारवलेल्या मिरच्या, कुरडया, सांडगे, पापड आणि वर्षभराचं लोणचं यांत किती मीठ मुरतं, हे ते करणाऱ्या बाईला नेमकं माहीत असतं. कोकणातली खारवलेली सुकी मासळी, विदर्भ-खानदेशातला ठेचा, भाताबरोबरची पापडाची जोड, हे सगळं त्यात येतं. पापडखार आणि खायचा सोडा खारट लागत नाहीत, पण त्यांतही सोडियम असतंच. पश्चिमेकडे बहुतेक मीठ कारखान्यात बनलेल्या पदार्थांतून पोटात जातं. आपल्याकडे अजूनही मोठा वाटा घरच्या स्वयंपाकातला आहे.

मग हा वैयक्तिक जबाबदारीचाच प्रश्न झाला, असं कोणी म्हणेल. पण ती व्यक्ती कोण, हे विचारून पाहा. बीपी सासऱ्यांना असतं, आमटी सून करते, चव मुलाच्या जिभेला लागते आणि आमटी अळणी झाली तर बोलणी सुनेला बसतात. डॉक्टर सासऱ्यांना सांगतात, 'मीठ कमी करा.' तो सल्ला अमलात आणण्याचा अधिकार त्या घरात एकाच माणसाकडे नाही. उपाय आहे, पण तो घराने मिळून करण्याचा आहे. मीठ थोडं थोडं कमी करत गेलं तर काही आठवड्यांत जिभेला तीच चव पुरेशी वाटू लागते, त्यामुळे बीपीवाल्याचं वेगळं अळणी शिजवण्याऐवजी सगळ्यांच्याच भांड्यातलं मीठ हळूहळू उतरवावं. लोणचं-पापड रोजचं न ठेवता सणावारी ठेवावं, जेवताना ताटात वरून मीठ वाढायची पद्धत बंद करावी.

मीठच बदललं तर काय होतं, याची परीक्षा चीनमधल्या 600 खेड्यांत झाली. आधी पक्षाघात झालेले किंवा साठीच्या पुढचे आणि बीपी असलेले जवळजवळ 21 हजार लोक त्यात होते. निम्म्या खेड्यांत नेहमीचं मीठ राहिलं. उरलेल्या खेड्यांत सोडियमचा चौथा हिस्सा काढून त्याजागी पोटॅशियमचा क्षार घातलेलं मीठ दिलं. पाचेक वर्षांत त्या खेड्यांत पक्षाघात 14 टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू 12 टक्क्यांनी कमी झाले. कोणालाही संयमाचे धडे द्यावे लागले नाहीत, डब्यातलं मीठ तेवढं बदललं. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 च्या सुरुवातीला अशा मिठाची शिफारसही केली. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, किंवा बीपीच्या ज्या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढतं त्या घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये. पण आज हे मीठ आपल्या बाजारात महाग आणि शहरी दुकानांपुरतं आहे. ते रेशनच्या दुकानापर्यंत कसं पोचेल, हा प्रश्न कुठल्याही घड्याळापेक्षा जास्त जिवांशी निगडित आहे.

यावर पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा येतो. लोकांनी काय खावं हे सरकारने का ठरवावं? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर देणं भाग आहे. ब्रेडमध्ये, बिस्किटात, शेवेत किती मीठ असावं हे खाणाऱ्याने आजही ठरवलेलं नसतं, ते बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. ब्रिटनमध्ये अन्न मानक संस्थेने उत्पादकांना पदार्थागणिक मिठाची लक्ष्यं दिली, त्यांवर पाळत ठेवली आणि 2000-01 मध्ये माणशी 9.5 ग्रॅम असलेलं मीठ 2011 पर्यंत 8.1 ग्रॅमवर आलं. पुढे 2011 मध्ये तिथल्या सरकारने ही बाब उत्पादकांच्या स्वेच्छेवर सोडली, त्या योजनेच्या नावातच 'जबाबदारी' हा शब्द होता, आणि मीठ कमी होण्याचा वेग मंदावला. आपल्याकडे अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेला-तुपांतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरवत जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांवर आणली. वनस्पती तुपातल्या खारीची चव हरवली, म्हणून कुठे ओरड झाली नाही. कोणाचं ताट कोणी हिसकावलं नाही. निवड करण्यापूर्वीच ताटात पडणारं एक विष तेवढं कमी झालं.

दुसरा आक्षेप असा की बाहेरच्या परिस्थितीवर बोट ठेवलं की माणसं हात झटकतात. तंबाखूचा अनुभव याच्या उलट सांगतो. महाराष्ट्रात 2009-10 मध्ये 31.4 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, 2016-17 मध्ये ते 26.6 टक्के झाले. मधल्या काळात पाकिटांवरची इशाऱ्याची चित्रं मोठी झाली, गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली, सार्वजनिक जागी धूम्रपानावरची बंदी त्याआधीच 2008 पासून होती. सोडणाऱ्याने तंबाखू सोडला तो स्वतःच्याच निर्धाराने, पण त्या निर्धाराला आजूबाजूने थोडा आधार मिळाला. बंदीनंतरही पानटपरीवर सुपारी आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या जोडीने मिळत राहिल्या, हेही तितकंच खरं आहे. आपल्या राज्यातला तंबाखू बहुतेक धुराविना चघळला जातो, आणि गावागावांत बायका सकाळी दातांना मिशरी लावतात. त्या बाईला 'व्यसन सोडा' सांगताना ती तळहातावर मिशरी का घेते, हे विचारायला हवं. दात दुखतात म्हणून, भूक मारायची म्हणून, पोट साफ व्हावं म्हणून. दातांच्या उपचाराची सोय तालुक्याच्या गावी असेल तर ती मिशरीशी स्पर्धा करू शकत नाही.

मग माणसाच्या स्वतःच्या वाट्याला काय येतं? माझ्या मते दोन गोष्टी येतात आणि त्या दोन्ही साध्या असूनही कठीण आहेत. पहिली, तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब नीट मोजून घेणं. नीट म्हणजे आधी अर्धा तास चहा आणि तंबाखू टाळून, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, उघडा दंड हृदयाच्या पातळीला आणून, मधे न बोलता, आणि एकदा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात बाही न दुमडता, जाड दंडाला लहान पट्टा गुंडाळून घेतलेला आकडा काहीच सांगत नाही, म्हणून असं मोजून मागण्याचा हक्कही त्या जबाबदारीत येतो. दुसरी गोष्ट, बीपी ठरलं आणि डॉक्टरांनी गोळी दिली तर ती रोज घेणं. इथे आपला समाज सर्वांत जास्त मार खातो. 'एकदा सुरू केली की सवय लागते', 'आता बरं वाटतंय', 'मोजलं तर नॉर्मल आलं' अशी कारणं देऊन गोळी बंद होते. दाब नॉर्मल आला तो गोळीमुळे आला, हे सांगायला कोणाजवळ पाच मिनिटं नसतात. गोळी घेणं म्हणजे प्रतिबंधात हार मानणं नव्हे. लकवा टाळणारी गोळी हाही प्रतिबंधच आहे, आणि चालणं, वजन, मीठ यांच्या जोडीनेच तो करायचा असतो.

पण रोज गोळी घेण्यासाठी ती रोज मिळायला हवी. केंद्र सरकार, आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी नोव्हेंबर 2017 मध्ये पाच राज्यांतल्या 25 जिल्ह्यांत रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू केला, त्यात आपले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. त्यातल्या युक्त्या अगदी साध्या होत्या. पहिली गोळी कोणती आणि महिन्याने दाब उतरला नाही तर काय वाढवायचं, याचा एकच ठरलेला तक्ता राज्यभर. एका वेळी किमान 30 दिवसांच्या गोळ्या, म्हणजे आठवड्याला मजुरी बुडवून यायला नको. डिजिटल यंत्र. गोळ्यांसाठी तालुक्याला न जाता जवळच्या केंद्रावर सोय. न आलेल्या रुग्णाला फोन किंवा घरी भेट. या उपक्रमाखाली उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांचा दाब आटोक्यात आला. देशातल्या 12 टक्क्यांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा. सातारा-भंडाऱ्याची माणसं एकाएकी जास्त जबाबदार झाली, असं कोणी म्हणणार नाही. जबाबदारीने वागणं त्यांना परवडू लागलं.

तिसरा मुद्दा पैशांचा, आणि येत्या काळात तो सर्वांत जास्त ऐरणीवर येईल. काही विमा कंपन्या पावलं मोजून हप्त्यात सवलत देऊ लागल्या आहेत. उद्या साखरेचे आणि झोपेचे आकडे थेट त्यांच्याकडे गेले तर 'जो काळजी घेत नाही त्याने जास्त भरावं' हे ऐकायला न्याय्य वाटेल. पण धोका कुठून येतो, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवून दिलं आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत 1990 च्या दशकात त्यांनी गरोदर स्त्रियांची आणि बाळांची नोंद ठेवायला सुरुवात केली. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं सरासरी वजन 3.5 किलो, या खेड्यांतल्या बाळांचं 2.7 किलो. बाळं लहान, स्नायू कमी, पण शरीरातली चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. अशी शरीरं पुढे मधुमेहाकडे लवकर झुकतात. शेतात राबणाऱ्या, अपुरं खाणाऱ्या आईच्या पोटात वाढताना जे ठरलं, त्याचा जास्तीचा हप्ता चाळिशीतल्या मुलाकडून घ्यायचा का? आणि पावलं मोजून सवलत मिळवणार कोण? ज्याच्या घराजवळ बाग आहे आणि ज्याच्याजवळ सकाळचा तास आहे तोच. दोन लोकल बदलून, दहा तास उभं राहून घरी परतणाऱ्या सुरक्षारक्षकाला पुन्हा चालायला जा म्हणणं हा सल्ला होऊ शकत नाही. म्हणून वागणुकीचे आकडे हप्त्याला जोडण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. आरोग्य विम्याची कल्पनाच धोका वाटून घेण्याची आहे. माणसागणिक तो मोजून त्याच्याच माथी मारला तर वाटून घ्यायला काही उरत नाही.

नवं तंत्रज्ञान यात कामाचं नाही असं नाही. हृदयाचे अनियमित ठोके मनगटावर टिपता येतात, घरी बीपी मोजायचं यंत्र बऱ्याच कुटुंबांच्या आवाक्यात आलं आहे, आणि आशाताईच्या मोबाइलवर गावातल्या कोणाची गोळी संपत आली हे दिसू शकतं. यांतला शेवटचा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तिथे माहिती मदत करणाऱ्याच्या हातात जाते. निव्वळ मोजून घेणाऱ्याला त्याच्याच आकड्यांची भीती घालण्यात काही साधत नाही.

स्वतःच्या आरोग्याची जबाबदारी घेणं म्हणजे स्वतःच्या शरीरावर पाळत ठेवणं एवढंच नाही. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, आयुष्मान आरोग्य मंदिरासाठी जन आरोग्य समिती असते. बऱ्याच ठिकाणी या समित्यांची बैठक कागदावरच होते. तिथे जाऊन विचारण्यासारखे प्रश्न थोडेच आहेत. गेल्या तीन महिन्यांत बीपीच्या गोळ्या किती दिवस संपलेल्या होत्या? एका वेळी तीस दिवसांच्या मिळतात की दहा दिवसांच्या? यंत्र चालू आहे का, जाड दंडाला पुरेल असा मोठा पट्टा आहे का? तिशीच्या पुढच्या किती जणांची तपासणी झाली आणि ज्यांचा दाब जास्त निघाला त्यांतले किती जण या महिन्यात परत आले? न आलेल्यांच्या घरी कोण गेलं? आणि शाळेच्या शेजारच्या टपरीवर कोणत्या पुड्या लटकतात?